भरल्या टाकीची गाडी

१

मोतीलाल दुकानात शिरला तेव्हा त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. घरात कोणीतरी गेलं, एवढं कुंदाबाईला तिथेच कळलं. कोण गेलं ते विचारायच्या आत त्याने कागदाच्या पुडीतून डिझेलचा फिल्टर काढला आणि काउंटरवर आपटला.

"तुमच्या या डुप्लिकेट फिल्टरने माझी आई मेली, अक्का."

जळगावात नेरी नाक्याजवळ कुंदाबाईचं गाड्यांच्या पार्टचं दुकान होतं. नवरा ट्रक चालवायचा. तो अकाली गेला तेव्हा साठवलेल्या पुंजीवर तिने हे दुकान थाटलं. बाईमाणूस नटबोल्टात काय दिवे लावणार म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. आता त्याच लोकांची गाडी रस्त्यात कुरकुरली की मिस्तरीच्या आधी ते तिच्याकडे येत. बाई तोंडाची फटकळ, पण गिऱ्हाईक कोणता पार्ट मागतो त्यावरून गाडीचं दुखणं ओळखणारी.

दुसऱ्या कोणी डुप्लिकेट म्हटलं असतं तर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मोतीलालला तिने बसायला स्टूल दिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि तो बोलेपर्यंत वाट पाहिली.

हकीकत अशी होती. मोतीलालचे वडील तोतारामनाना सावद्याजवळच्या खेड्यात केळीची बाग करत. केळीचे घड सावद्याच्या स्टेशनावर पोचवायला त्यांच्याकडे एक जुनी डिझेलची पिकअप होती. दसऱ्यानंतर ती गाडी मिसिंग करू लागली. चालता चालता झटके द्यायची, चढावर दम तोडायची, कधी मधेच बंद पडायची. त्या दिवशी दुपारी मोतीलालच्या आईच्या, इंदिराबाईच्या, छातीत कळ आली. फैजपूरच्या डॉक्टरने सुई टोचली आणि जळगावला हलवा, वेळ घालवू नका, म्हणून सांगितलं. घरची गाडी दारात उभी, टाकी सकाळीच काठोकाठ भरलेली. दुसऱ्याचं वाहन शोधायचं कुणाच्या मनातही आलं नाही. फैजपूर सोडल्यावर गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. बंद पडली, सुरू झाली, पुन्हा पडली. तापीच्या पुलाच्या अलीकडे तिने मान टाकली ती टाकलीच. एका ट्रकवाल्याने त्यांना घेतलं, पण जळगाव दिसायच्या आधीच इंदिराबाईने नवऱ्याच्या मांडीवर प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

कुंदाबाई इंदिराबाईला ओळखत होती. पार्ट घ्यायला नाना यायचे तेव्हा ती पायरीवर बसून कुंदाबाईशी लग्नकार्याच्या गोष्टी करायची. तिचा जीव गलबलला. पण तिने लोखंड कापायची हेक्सॉ करवत उचलली, मोतीलालच्या डोळ्यांदेखत फिल्टरचा पत्रा कापला आणि आतला कागद उलगडून दाखवला. गाळ नाही, गंज नाही, पाण्याचा थेंब नाही. नाकाशी धरला. निव्वळ डिझेल, रॉकेलचा वाससुद्धा नाही.

"या फिल्टरने कोणाला मारलेलं नाही," ती म्हणाली.

मोतीलालने तो कागद हातात घेऊन पाहिला. मग तो उठला. "मग गावात म्हणतात तेच खरं. चुडामणनेच गाडीचं काहीतरी केलं. आईची गंधमुक्ती झाली, दुखवटा सुटला, की मी त्याला पोलिसात देणार."

२

चुडामण हा त्या पिकअपचा ड्रायव्हर. मूळचा साक्रीकडचा, बायकोपोरांसह नानांच्या खळ्यातल्या खोलीत राहायचा. उन्हाळ्यापासून नानांचं डिझेल घटू लागलं होतं. टाकी भरावी आणि चार खेपांत ती रिकामी व्हावी. नानांचा संशय चुडामणवर गेला. तोंडाने ते बोलले नाहीत, पण दसऱ्याच्या सुमारास त्यांनी टाकीला कुलूप बसवून घेतलं. आता गावाने गोष्ट पुरी केली होती. कुलपामुळे वरून चोरता येईना म्हणून चुडामणने खालच्या नळीतून डिझेल काढलं, आणि त्या खटाटोपात गाडी बिघडवली.

ड्रायव्हरला डिझेलचोर म्हटलं तर तो दुसऱ्या गावी काम शोधतो. पण मालकिणीला रस्त्यात मारणारा म्हटलं की त्याच्या हातात कोणी पुन्हा स्टिअरिंग देत नाही. कुंदाबाईला हे सांगायला कोणी नको होतं. ती ड्रायव्हरची बायको होती. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून ती एसटीने फैजपूरला गेली.

फैजपुरात रतिलाल मिस्तरीचं गॅरेज होतं. नानांची गाडी त्याच्याच हातची. माणूस हुशार, पण बढाईखोर. त्याच्या हातून नीट झालेली गाडी त्याची आणि बिघडलेली गाडी मालकाची. इंदिराबाईचं नाव काढताच मात्र त्याची बढाई आटली. गावात त्याच्याही नावाने बोटं मोडणं सुरू होतं.

त्याने शपथेवर सांगितलं की त्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. टाकीपासून पंपापर्यंतची नळी काढून हवा मारली होती, ती मोकळी होती. शेवटी त्याने डिझेलचा एक डबा छताच्या आकड्याला टांगला, त्याची नळी थेट पंपाला जोडली आणि इंजिन चालवलं.

"अक्का, घोड्यावानी चालली. सकाळपासून दुपारपर्यंत. एक झटका नाही. म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले. मग मी सांगितलं, डिझेलमध्ये खोट आहे."

कुंदाबाईने विचारलं, गाडी कधी त्याच्यासमोर बंद पडली होती का. पडली होती, तो म्हणाला. एकदा आचके देत गॅरेजच्या दारात आली. टाकीत डिझेल आहे की नाही बघू म्हणून मोतीलालला, त्या दिवशी नानांनी त्याच्याजवळ चावी दिली होती, कुलूप उघडायला लावलं, काडी घालून पाहिलं, तर टाकी भरलेली. आणि लगेच गाडी सुरू. जाताना रतिलाल हसून म्हणाला होता, मला पाहूनच घाबरली.

"अन् उन्हाळ्यात तुझ्यासाठी चुडामण माझ्याकडून तांब्याचे वॉशर घेऊन गेला होता. ते कधी बसवले?"

रतिलालने आठवून पाहिलं. वॉशर आणले तरी गाडी सोडायला नानांना फुरसत नव्हती, केळीची कापणी जोरात होती. नोझलवरून टाकीकडे परत येणारी बारीक नळी चालत्या गाडीत डिझेल गाळत होती. उभ्या गाडीत थेंब नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येईना. शेवटी दसऱ्याला गाडी धुवायला आणली तेव्हा त्याने ते वॉशर बसवले आणि गळती थांबली.

"दसऱ्याला," कुंदाबाई म्हणाली. "अन् कुलूप?"

"त्याच आठवड्यात. का?"

चुडामणने चोरी केली नव्हती हे तिला कळून चुकलं होतं. पण मग गाडी कशाने मेली, हा प्रश्न आणखीच अंगावर आला.

३

चुडामण सावद्याच्या स्टेशनावर सापडला. नानांचं खळं सोडून तो मालधक्क्यावर केळीचे घड वाहत होता. खांद्याला गोणपाट, अंगभर केळीच्या चिकाचे काळे डाग. कुंदाबाईला पाहून त्याने घड खाली ठेवला, पण जवळ आला नाही.

"तुम्हीबी इचारालेच उन्यात ना, अक्का," तो म्हणाला. तुम्हीही विचारायलाच आलात.

कुंदाबाईने सांगितलं की चोरी झाली नव्हती हे तिला ठाऊक आहे; गळती होती, ती बंद झाली. चुडामणच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आपण चोर नाही हे त्याला स्वतःला आधीपासून माहीत होतं, त्यात नवीन काय.

मग तिने गाडीचं विचारलं. आपल्या हातच्या गाडीचं बोलताना ड्रायव्हर माणूस मोकळा होतोच. त्याने सांगितलं की ती रोज बंद पडत नसे. टाकी पाव भरलेली असली की निमूट चालायची, स्टेशनाच्या सगळ्या खेपा करायची. टाकी काठोकाठ भरली की लांबच्या रस्त्याला हमखास दगा द्यायची. आधी चढावर जोर जायचा, मग झटके, मग बंद. हँडपंप मारून हवा काढली, थोडं थांबलं, की पुन्हा सुरू व्हायची आणि थोडं जाऊन पुन्हा पडायची.

"भरेल पोटले दम लागे तिले," तो म्हणाला. "रिकामा पोटले काही नही."

असं दुखणं कुंदाबाईने ऐकलं नव्हतं. डिझेल कमी असताना गाडी आचके देते, हे शेंबडं पोरही सांगेल. भरलेल्या टाकीला कसला त्रास?

त्या दिवशी काय काय केलं, असं तिने विचारलं. चुडामणने एकेक सांगितलं. हवा काढली, फिल्टर बदलला, नळ्या आवळल्या. मागे नाना मालकिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, मोतीलाल रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होता.

"अन् मंग मी नानाले..."

तिथे तो थांबला. चुडामणने खाली ठेवलेला घड पुन्हा खांद्यावर घेतला आणि वॅगनच्या दिशेने चालू लागला. तिने मागून हाक मारली, तरी तो वळला नाही.

४

नानांच्या ओट्यावर दुखवट्याची माणसं बसली होती. कुंदाबाई आधी आत बायकांत जाऊन आली. तिथे तिच्याकडूनही रडणं आवरलं नाही, कारण कोपऱ्यात इंदिराबाईचं काथ्याचं विणकाम अर्धवट टांगलेलं होतं. मग ती बाहेर येऊन नानांजवळ बसली.

नाना खंगले होते. मूळचे ताठ, शब्दाला किंमत असलेले गृहस्थ. आता बोलताना मधेच विसरत होते. कुंदाबाईने वॉशरचं सांगून पाहिलं. नानांनी मान हलवली.

"अक्का, मी कुलूप लावलं अन् चोरी थांबली. त्याच दिसापासून थांबली. याच्याहून मोठा पुरावा काय पाहिजे मले?"

त्याच आठवड्यात गळतीही थांबली होती, हे तिने सांगितलं. नानांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ज्याला शिव्या देता येतात असा एक माणूस त्यांना उरला होता, आणि तो त्यांना सोडवत नव्हता. कुंदाबाईला त्यांचा राग आला नाही. नवरा गेला तेव्हा तिनेही कितीक दिवस त्याच्या क्लीनरला शिव्या घातल्या होत्या.

तिने गाडी पाहू देण्याची परवानगी मागितली. गाडी खळ्यात लिंबाखाली उभी होती. मोतीलालने सांगितलं, सगळं संपल्यावर दुसऱ्या दिवशी तो ती आणायला गेला तर पहिल्याच चावीला सुरू झाली. रस्त्यात उभं राहून त्याने तिला लाथा घातल्या होत्या.

"इथेही लाथ घातलीस का?" कुंदाबाईने टाकीकडे बोट दाखवलं. टाकीची एक बाजू आत बसली होती, रुंद आणि सारखी. लाथेने पडतो तसा खोलगा तो नव्हता.

मोतीलाल म्हणाला, तो खड्डा आधीपासून आहे, दिवाळीत दिसला, चुडामणने कुठेतरी ठोकली असेल. पण बाहेरून रंगाला ओरखडाही नव्हता. कुंदाबाईने टाकीवरून हात फिरवला आणि तो टोपणापाशी येऊन थांबला.

गाडीचं मूळचं टोपण तिथे नव्हतंच. त्या जागी जाड लोखंडी झाकण होतं, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कडी, कडीत पितळी कुलूप. नाना मागून आले होते. रावेरच्या वेल्डरकडून खास करून घेतलं, ते म्हणाले. खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर लावलंय, दाबून बसतं. चावी कुठे असते, असं तिने विचारलं. नानांनी कमरेच्या करदोट्याला बांधलेली चावी दाखवली.

"एक थेंब बाहेर निघत नही," नाना म्हणाले. बरेच दिवसांनी त्यांच्या आवाजात थोडी उभारी आली होती.

तिला सगळं दिसलं होतं, आणि ज्याला ते सांगायचं तो माणूस तिच्यासमोर कमरेची चावी हातात धरून उभा होता.

५

ती परत सावद्याच्या मालधक्क्यावर गेली. चुडामण जेवायला बसला होता. फडक्यात भाकरी, मिरचीचा ठेचा. ती त्याच्यासमोर पोत्यावर बसली आणि तिने तेलाच्या डब्याची गोष्ट काढली.

दुकानात इंजिन ऑइलचा सीलबंद डबा येतो. त्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही. थोडं पडतं, गुडगुडतं, मग अडून बसतं, कारण तेल बाहेर येतं तेवढी हवा आत जायला वाट नसते. म्हणून दुसऱ्या बाजूला एक भोक पाडायचं असतं. गोडेतेलाचा डबा फोडणारी कुठलीही बाई हे जाणते. गाडीच्या टोपणालाही हवा घ्यायला असंच बारीक भोक असतं. नानांच्या नव्या झाकणाला ते नव्हतं. वर ट्यूबचं रबर.

"टाकी भरेल असली की आत हवा थोडीच राहते," ती म्हणाली. "थोडं डिझेल ओढलं की जीव कोंडतो. रिकाम्या टाकीत हवा भरपूर, म्हणून स्टेशनाच्या खेपा निभायच्या. थांबलं की रबराखालून हळूहळू हवा शिरायची अन् गाडी उठायची. टाकीचा पत्राही त्या ओढीनेच आत गेला. रतिलालने डब्यावर चालवली तेव्हा टाकीचा संबंधच नव्हता. त्याच्या दारात बंद पडली तेव्हा मोतीलालने कुलूप उघडलं अन् लगेच चालली."

चुडामण ऐकत होता. भाकरीचा घास हातात तसाच राहिला होता. कुंदाबाईने आवाज खाली आणला.

"त्या दिवशी ते टोपण एकदा उघडलं असतं तर गाडी जळगावला पोचली असती. तुला सुचलं नाही?"

त्याने घास फडक्यावर ठेवला. मग जे सांगितलं ते खाली मान घालून सांगितलं. त्याला कारण कळलं नव्हतं, पण टाकीत काहीतरी अडकलंय असं वाटलं होतं. तो नानांजवळ गेला आणि त्याने चावी मागितली.

"अन् नाना?"

"नाना बोलनात, आखो चोरानं राह्यनं का तुनं." अजून चोरायचं राहिलं का तुझं.

मालगाडीचे डबे कोणीतरी ढकलत होतं, त्याचा खडखडाट येऊन गेला. तिने विचारलं, हे तू कोणालाच का सांगितलं नाहीस? मोतीलाल पोलिसात जाणार आहे, हे तुला ठाऊक आहे ना?

ठाऊक होतं. चुडामण म्हणाला की मालकीण त्याच्या पोरांना दिवाळीला स्वतःच्या हातचं फराळाचं द्यायची. तिच्या नवऱ्याला हे कसं सांगायचं? नाना ज्या हाताने तिचं डोकं धरून बसले होते त्याच हाताने त्यांनी चावी रोखली, हे त्यांना कळलं तर तो म्हातारा जगेल का?

"नानाले नका सांगू, अक्का. माले चोर म्हणू द्या. मी आठेन निंघी जाईन, बठ्ठं इसरी जातीन लोके."

"कोणी काही विसरत नाही," कुंदाबाई ताडकन म्हणाली. "तुझी पोरं लग्नाला येतील तेव्हाही कोणीतरी हे उकरून काढेल. अन् पोलीस आले तर निघून कुठे जाशील?"

त्याने भाकरीचं फडकं गुंडाळलं आणि तो घडांकडे निघाला. परतीच्या बसमध्ये कुंदाबाईला पहिल्यांदा वाटलं की आपण यात पडलो नसतो तर बरं झालं असतं. कोडं सुटलं होतं आणि सुटल्याचा काडीचाही आनंद नव्हता. एकाचं नाव वाचवायचं तर दुसऱ्याचा जीव पोखरायचा. बस भुसावळला पोचेपर्यंत तिने एवढं ठरवलं की चारचौघांत नाही, एकट्या नानांना सांगायचं. मग त्यांचं ते जाणोत.

६

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी ती गेली. नानांना म्हणाली, पिकअपची टाकी त्या दिवशीसारखी काठोकाठ भरा आणि माझ्याबरोबर बसा. नानांनी कारण विचारलं नाही. ट्रॅक्टरच्या पिंपातून त्यांनी स्वतः डिझेल ओतलं, झाकण दाबलं, कुलूप लावलं, चावी करदोट्याला बांधली. मोतीलालला त्यांनी घरीच थांबायला सांगितलं.

कुंदाबाई स्टिअरिंगवर बसली. गाडी चालवायला तिला नवऱ्याने शिकवलं होतं. नानांना पुन्हा त्या जळगावच्या रस्त्यावर न्यायला नको म्हणून त्यांच्या बागांमधल्याच रस्त्याने ती फेऱ्या मारत राहिली. दोन्ही बाजूंना केळी, घडांना टेकू लावलेले. कितीतरी वेळ गाडी बिनतक्रार चालली. नाना समोर पाहत होते.

मग जोर कमी झाला. गाडीने एक झटका दिला, मग दुसरा. नानांचा हात दाराच्या दांड्यावर आवळला गेला. हे आचके त्यांनी मागे बसून सोसले होते. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

कुंदाबाई खाली उतरली. चुडामण काढायचा तशी हवा वगैरे काही तिने काढली नाही. तिने नानांना टाकीपाशी बोलावलं आणि पिशवीतून कापसाचं बोंड काढून त्याची एक चिमट तोडली. त्या कापसाकडे नाना गोंधळून पाहत राहिले. तिने तो पुंजका झाकणाच्या कडेशी धरला.

"आता कुलूप उघडा, नाना. झाकण अगदी थोडं उचला."

नानांनी उघडलं. सुस्कारा टाकल्यासारखा लांब आवाज आला आणि तिच्या बोटांतला कापूस झाकणाच्या फटीत आत ओढला गेला. टाकीत गॅस कोंडलेला असता तर कापूस बाहेर उडाला असता. टाकी हवा पीत होती. आत बसलेला पत्रा 'टक्' करून थोडा बाहेर आला.

कुंदाबाई वर चढली, चावी फिरवली. थोडं कण्हून इंजिन सुरू झालं आणि एका लयीत चालू लागलं. तिने ते बंद केलं. काही समजावून सांगायची गरज राहिली नव्हती. नाना उघड्या झाकणावर हात ठेवून उभे होते.

त्यांनी विचारलं, "एवढंच होतं?"

"एवढंच, नाना."

"मी तवा चावी दिली असती, तर पोचलो असतो?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. येताना बसमध्ये तिने तीन-चार गोड उत्तरं तयार केली होती. नानांच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्यातलं एकही जिभेवर येईना.

"गाडी पोचली असती," ती म्हणाली. "इंदिराबाई राहिल्या असत्या का, ते मला सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही."

नाना बांधावर बसले. त्यांनी तोंड उपरण्यात लपवलं. कुंदाबाई त्यांच्यापासून थोडी दूर बसून राहिली आणि तिने त्यांना रडू दिलं. चुडामणने चावी मागितल्याचं आपल्याला ठाऊक आहे, हे ती बोलली नाही. ते आता फक्त नानांनी बोलायचं होतं, आणि न बोलायची त्यांना मुभा होती. उद्या दुपारी मोतीलाल पोलिसात जाणार होता.

७

गंधमुक्तीला मांडवात भाऊबंद, सोयरे, गावातली माणसं दाटून बसली होती. विधी आटोपले. मोतीलालला पागोटं बांधलं. आता पंगत बसायची, आणि पंगत उठली की मोतीलाल दोन चुलतभावांना घेऊन निघायचा होता. कुंदाबाई बायकांच्या बाजूला बसली होती. नानांनी सकाळपासून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, नाही बोलणार. आणि नाही बोलले तर आपल्याला उभं राहावं लागेल.

तेवढ्यात मांडवाच्या टोकाला कुजबुज झाली. रतिलाल मिस्तरी आला होता आणि त्याच्यामागे, धुतलेल्या सदऱ्यात, चुडामण. नानांनीच सकाळी निरोप पाठवला होता. मोतीलाल उठला, पण नानांनी हाताने त्याला खाली बसवलं आणि ते स्वतः उभे राहिले.

"माझं ऐकून घ्या," ते म्हणाले. "चुडामणनं चोरी केली नही. डिझेल गळत होतं. कुलूप मी लावलं, अन् त्या कुलपानं टाकीचा जीव कोंडला, म्हणून गाडी बंद पडली. हे मले काल समजलं."

एवढंच बोलून ते बसले असते तरी चुडामण सुटला असता. कुंदाबाईला वाटलं, बसा आता नाना, पुरे झालं. नाना बसले नाहीत.

"रस्त्यात यानं मले चावी मांगितली होती. मी म्हटलं, अजून चोरायचं राहिलं काय तुझं. इंदिराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं ते ऐकलं. शेवटी तिनं माझ्या तोंडून ऐकलं ते हेच."

कोणीतरी बाई हुंदका देऊन रडू लागली. मोतीलालने पागोट्यासकट मान गुडघ्यांत घातली. चुडामण लोकांमधून वाट काढत पुढे आला आणि नानांसमोर हात जोडून उभा राहिला. आता तो निर्दोष होता, साऱ्या गावादेखत. पण त्याच्या तोंडावर सुटकेचा मागमूस नव्हता.

"नाना, मी दुसरांदाव मांगाले पायजे व्हती," तो म्हणाला. "माले राग उना. मी दुसरांदाव मांगीच नही."

दुसऱ्यांदा मागायला हवी होती; राग आला, म्हणून मागितलीच नाही. कुंदाबाईने डोळ्यांना पदर लावला. तिने एका माणसावरचा आळ काढला होता, आणि तिच्यासमोर आता दोन माणसं तोच आळ आपापल्या अंगावर घेत उभी होती.

वाढपी केळीची पानं घेऊन खोळंबले होते. कोणी कोणाला बसा म्हणेना. शेवटी मोतीलाल उठला. त्याने वाढप्याच्या हातातून दोन पानं घेतली, एक वडिलांसमोर मांडलं, दुसरं त्याच्या शेजारी. पानावर पाणी शिंपडलं, हाताने पुसलं आणि चुडामणला दंडाला धरून तिथे बसवलं.